विषयनिवडीमागील भूमिका

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन मूल घरी येतं. चपला अजून पायांतच असतात आणि आतून विचारणा होते, ‘आता पुढे काय?’ पेपर कसा गेला हे विचारायचं राहूनच जातं. वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारतात, आजी माळ ओढायची थांबवून विचारते, आणि शेजारच्या काकू तर उत्तरही बरोबर घेऊन आलेल्या असतात. त्यांच्या पुतण्यानं केलं तेच. नोकरी लागली असेल तर विषय तिथल्या तिथे मिटतो. नसेल लागली, तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक उत्तर आहे. ‘एम.ए. करतोय.’ शास्त्रवाल्यांनी एम.एस्सी. म्हणावं, कॉमर्सवाल्यांनी एम.कॉम. एवढं म्हटलं की दोन वर्षं कुणी वाटेला जात नाही. लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांपुढे, सगळीकडे हे उत्तर चालतं. रिकामा आहे म्हटलं तर माणसं सल्ले देतात, एम.ए. करतोय म्हटलं की ‘अरे वा’ म्हणून पावसापाण्याकडे वळतात. इतक्या कमी फीमध्ये इतकी शांतता देणारी दुसरी सोय सरकारनं काढलेली नाही.

मी मराठी घेऊन एम.ए. केलं त्याचं कारण असं की, मैत्रिणीनं विद्यापीठातून येताना दोन फॉर्म आणले होते. एक तिचा आणि दुसरा ‘खाडाखोड झाली तर असू दे’ म्हणून. तिचं अक्षर सुरेख, खाडाखोड झाली नाही, उरलेला फॉर्म मी भरला. पहिल्याच सत्रात तिचं लग्न ठरलं, ती नागपूरला गेली आणि तिच्या सोबतीला म्हणून आलेली मी वर्गात एकटी उरले. पुढल्या वर्षी महानुभावांचं वाङ्मय अभ्यासाला आलं. ही मंडळी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवत. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. सरांनी एकदा फळ्यावर सकळ लिपीतली एक ओळ काढली. भाषा आपलीच, मराठीच, आणि आख्ख्या वर्गात कुणाला एक अक्षर लागेना. त्या दुपारी मी जेवायला गेले नाही. कशासाठी आलो इथे, हे मला त्या दिवशी कळलं. प्रवेश घेऊन तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

बाकीच्यांचंही फारसं वेगळं नव्हतं. पुण्यात एम.ए.ला बसणाऱ्यांपैकी पुष्कळांचा डोळा एमपीएससीवर असतो, हे प्राध्यापकांना ठाऊक असतं, रेक्टरला ठाऊक असतं, फक्त गावाकडे ठाऊक नसतं. प्रवेश असला की वसतिगृह मिळतं, ग्रंथालयाचं कार्ड मिळतं, रिफेक्टरीत स्वस्तात जेवण होतं. बीडकडचा एक जण मागच्या बाकावर काव्यशास्त्राच्या पुस्तकात राज्यघटनेच्या नोट्स ठेवून वाचायचा. सरांनी एकदा त्याला रसनिष्पत्तीबद्दल विचारलं, तर दचकून उठला आणि कलम ३५६ सांगायला लागला. तो पुढे पोलीस खात्यात गेला. मध्यंतरी एका मिरवणुकीच्या बंदोबस्तात दिसला. ओळख निघाल्यावर म्हणाला, ‘रात्री दोन वाजता चौकात उभं असलो ना, की मर्ढेकर आठवतात. बाकी सगळं विसरलो.’ मर्ढेकर शिकवताना तो वर्गात होता, याचंच मला नवल वाटलं.

पहिल्या बाकावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका बसायचे. डबा आणायचे, वही आखून आणायचे, आणि तास संपल्याची घंटा झाल्यावर शंका विचारायचे. एम.ए. का करताय म्हटलं तर म्हणायचे, ‘हिचं म्हणणं, दुपारी घरात नको.’ इतकं प्रामाणिक कारण मी नंतर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. काका वर्गात पहिले आले.

एम.ए.नंतर मी मुद्रितशोधनाच्या धंद्यात पडले आणि आता गेली कित्येक वर्षं इतरांचे प्रबंध तपासते. विद्यापीठाच्या वाटेवर टायपिंग आणि बायंडिंगचं एक दुकान आहे. पाटीवर ‘थीसिस, सिनॉप्सिस, रेक्झिन बायंडिंग, गोल्डन एम्बॉसिंग’ अशी क्रमवारी. तिथला मालक माझ्याकडे काम धाडतो. प्रबंध श्रीलिपीत टाइप केलेला असतो, मग युनिकोडमध्ये फिरवलेला, त्यामुळे प्रत्येक रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला. ते रफार मी मूळ घरी आणून सोडते. या कामात एक गोष्ट फार लवकर ध्यानात आली. मराठीतल्या बहुतेक प्रबंधांत पहिल्या प्रकरणात ‘विषयनिवडीमागील भूमिका’ असा एक भाग असतो. म्हणजे हा विषय का घेतला, का शिकावंसं वाटलं, त्याचं अधिकृत निवेदन. वाचताना ते पहिलं येतं. माझ्याकडे मात्र आधी दुसरं प्रकरण येतं, मग तिसरं, चौथं, मग उपसंहार, संदर्भसूची, परिशिष्टं. आणि बायंडरनं तगादा लावल्यावर, अगदी शेवटी, ही भूमिका येते. ‘ताई, तेवढं पान राहिलंय,’ असा मालकाचा फोन आला की मी समजते, पाच वर्षं झाली, आता माणूस कारण शोधतोय.

आणि जे कारण सापडतं ते बहुतेक वेळा लहानपणी सापडतं. ‘लहानपणापासूनच मला संतसाहित्याची ओढ होती.’ ‘लहानपणापासूनच ग्रामीण जीवनाचे आकर्षण होते’, हे खेड्यातच जन्मलेल्यानं लिहिलेलं. एकानं सहकारी दूध संघांच्या अर्थकारणावर प्रबंध लिहिला होता, त्यालाही लहानपणापासूनच सहकाराविषयी कुतूहल होतं. मी त्या वाक्यापाशी पेन्सिल थांबवली. पाळण्यातून सहकाराकडे बघणारं मूल माझ्या डोळ्यांपुढे येईना. मग चाळत चाळत ऋणनिर्देशापर्यंत गेले. तिथे गाइडचे, प्राचार्यांचे, ग्रंथपालांचे आणि टायपिस्टचे आभार मानून झाल्यावर शेवटी दोन ओळी होत्या: वडील रोज पहाटे सायकलला दोन कॅन लावून डेअरीवर जात, दूध तेच, म्हैस तीच, चाराही तोच, तरी फॅट रोज वेगळी का लागते आणि भाव रोज वेगळा का मिळतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्याला फोन लावला. म्हटलं, अहो, ही तुमची भूमिका. हे पुढे घ्या. तो म्हणाला, ‘पहिल्या मसुद्यात तेच होतं हो. गाइड म्हणाले, वैयक्तिक झालं, काढा.’

हे सगळं आत्ता आठवायचं निमित्त म्हणजे माझी भाची. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र, आणि तिला पुढे शिकायचंय; आधी एम.एस्सी., मग जमलं तर पीएच.डी. हे तिनं रविवारी जेवताना जाहीर केलं, ताईच्या घरी, वरणभाताच्या वेळी. तिचे वडील, म्हणजे आमचे भावजी, हिशेबी माणूस. त्यांनी ताट बाजूला सारलं नाही की आवाज चढवला नाही. ‘किती वर्षं?’ एवढंच विचारलं.

तिनं सांगितलं. दोन वर्षं एम.एस्सी. मग नेट. मग पीएच.डी.ला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते.

‘म्हणजे दहा,’ भावजी म्हणाले. ‘सवलत धरून.’

‘फेलोशिप असते ना पण बाबा. जेआरएफ मिळाली तर महिना सदतीस हजार, दोन वर्षांनी बेचाळीस.’

‘मिळाली तर.’

इथे ताईनं भात वाढला.

भावजींची बाजू मी घेणार नाही, पण तीही काही हवेतली नव्हती. पीएच.डी. करून आणि नेट होऊन तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावणारे प्राध्यापक त्यांनी त्यांच्याच सोसायटीत पाहिलेत. तास होईल तेवढे पैसे, सुट्टी लागली की ते बंद. शिवाय कारणांचंही काही खरं नसतं. २०१८ साली यूजीसीनं ठरवलं की विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायचं तर जुलै २०२१ पासून पीएच.डी. हवीच. झालं, जो तो नाव नोंदवायला धावला. मग करोनामुळे तारीख २०२३ च्या जुलैवर गेली. आणि तो जुलै उजाडायच्या आदल्या दिवशी, ३० जून २०२३ ला, अधिसूचना निघाली की नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. माझ्याकडे तेव्हा तीन प्रकरणं तपासून झालेला एक प्रबंध होता. त्या बाईंचा फोन आला. ‘मॅडम, माझं कारणच रद्द झालं हो!’ मी विचारलं, मग काम थांबवू का? जरा वेळ गेला. ‘नाही, चौथं प्रकरण आता कुठे जरा जमायला लागलंय,’ म्हणाल्या. चौथं प्रकरण खरोखरच चांगलं निघालं. पहिल्या तिनांत त्या यूजीसीसाठी लिहीत होत्या, हे वाचताना कळत होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी, ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचं काहीतरी विचारलं आणि राज्यभर गदारोळ झाला. सभागृहात प्रश्न नवा असेल. घराघरांत तो रोज संध्याकाळी दिवे लावायच्या सुमारास विचारला जातो.

भाचीच्या आत्याबाई स्टुटगार्टला असतात, त्यांनी व्हिडिओ कॉलवर बाहेरचा पर्याय सुचवला. बाहेर जायचं असेल तर ते गणित वेगळं असतं. इंजिनिअर मुलं अमेरिकेत एम.एस. करायला जातात तेव्हा त्यांना तिथलं शिक्षण हवं असतं तितकंच, किंबहुना थोडं अधिक, शिक्षणानंतरचं वर्षभराचं काम आणि शास्त्र-तंत्रज्ञानवाल्यांना त्यावर मिळणारी आणखी दोन वर्षं हवी असतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त अर्जातल्या निवेदनात मात्र त्यांना लहानपणापासूनच संगणकाची ओढ असते.

भाचीनंही आपला अर्जातला उतारा मला तपासायला दिला होता. ‘पर्यावरणाचा ऱ्हास ही आजची ज्वलंत समस्या असून...’ अशी सुरुवात. पाचवीच्या निबंधाला शोभेल असं शुद्ध, निर्दोष, आणि त्यात ती कुठेच नाही. रफारसुद्धा जागच्या जागी. मी म्हटलं, बाई गं, हे कुणी लिहिलंय? तर म्हणे, असंच लिहितात ना मावशी.

खरी गोष्ट मला माहीत होती, कारण ती माझ्यासमोर घडली होती. ताईच्या सासूबाई दर उन्हाळ्यात गोडा मसाला घरी करतात. धणे, खोबरं, तीळ, दालचिनी, नागकेशर सगळं निवडून झालं की शेवटी राहतं दगडफूल. त्याचा कुणालाच हात लावायला उत्साह नसतो, कारण त्यात सालीचे तुकडे, रेती, कधी बारीक काडी अडकलेली असते. ते काम नातीकडे आलं. ते वाळलेलं, चुरगळलेलं काहीतरी, वरून राखाडी, खालून कोळशासारखं काळं, कडेला बारीक केस. कच्चं असताना वास जवळजवळ नाहीच. तेलात पडलं की मात्र घरभर. पोरीनं विचारलं, ‘आजी, हे कुठल्या झाडाचं फूल?’ आजी म्हणाल्या, ‘दगडाचं.’ बरं, कॉलेजात बाईंनी तोच तुकडा भिजवून, पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. वर-खाली बुरशीचे पांढरे धागे आणि मधल्या थरात हिरवेगार गोल ठिपके, शैवालाचे. हे फूल तर नाहीच, पण एक जीवही नाही. बुरशीनं घर बांधलंय आणि शैवाल आत राहून स्वयंपाक करतंय. अशा जोड्यांचं लायकेन बनतं. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, पुष्कळ जाती तर तेवढंही नाही. आणि आपण ते किलोनं घेतो.

तेव्हापासून पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. सिंहगडावर सगळे पिठलंभाकरी खात असताना ही बुरुजाच्या दगडाला नाक लावून उभी. हिमालयात आणि दक्षिणेतल्या डोंगरांत माणसं हे झाडांच्या सालींवरून ओरबाडून काढतात, पोती भरतात, ते पुण्याच्या बाजारात येतं. एकदा ओरबाडलेल्या फांदीवर ते पुन्हा यायला किती वर्षं लागतात? आणि आपल्या सगळ्यांचा मसाला त्या वेगात बसतो का? हा तिचा प्रश्न. तो तिनं मला सांगितला, आजीला सांगितला, ओला-उबरच्या ड्रायव्हरला सांगितला असेल. अर्जात लिहिला नाही. ‘मसाल्याचं काय लिहायचं मावशी, हसतील.’

तिला घेऊन मी आघारकर संस्थेत गेले; तिथे लायकेनचा मोठा संग्रह आहे. ही संस्था आगरकर रस्त्यावर आहे. आगरकर म्हणजे ‘सुधारक’कार गोपाळ गणेश, आणि संस्था ज्यांच्या नावाची ते शंकर पुरुषोत्तम आघारकर, या दोघांमधून रिक्षावाल्याला वाट काढायला लावणं हा खास पुणेरी आनंद आहे. हे आघारकर मालवणचे. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकवत असताना सह्याद्रीतल्या नदीच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला. समुद्रातला प्राणी डोंगरात बघून त्या काळच्या शास्त्रज्ञांनी कान टवकारले. मग हा माणूस जर्मनीला गेला, तो वनस्पतिशास्त्र शिकायला, आणि तिथे पहिल्या महायुद्धात अडकला. शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून स्थानबद्ध झाला, युद्ध संपल्यावर डॉक्टरेट घेऊनच परत आला. जेलीफिशपासून झाडापर्यंतची ही वाट त्यांनी प्रवेश अर्जात कशी समजावली असेल, हे मला बघायला फार आवडेल.

माझ्या कामामुळे जुन्या विद्वानांकडे बघतानाही मी आधी त्यांची ‘भूमिका’ शोधते. धर्मानंद कोसंबींची सापडते, आणि ती वाचून घाबरायला होतं. गोव्यात साखवाळला नारळाच्या बागा बघणारा तरुण, शाळा फारशी झालेली नाही. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचनात आलं, आणि या माणसानं मूळ बुद्ध मुळातून समजून घ्यायचा म्हणून १८९९ च्या अखेरीला घर सोडलं. पुण्यात डॉ. भांडारकरांना गाठलं, संस्कृतसाठी काशीला गेला, अन्नछत्रात जेवून शिकला, नेपाळ पाहिला, पालीसाठी सिंहलद्वीप गाठलं. मागे घरी बायको आणि तान्ही मुलगी. त्यांना ‘आता पुढे काय’ हे कुणी विचारलं का, याचा शोध कुणी फारसा घेत नाही. मला तो घ्यावासा वाटतो. पुढे कलकत्त्याच्या विद्यापीठातली अडीचशे रुपयांची नोकरी सोडून ते सयाजीराव गायकवाडांच्या महिना पन्नास रुपयांवर महाराष्ट्रात आले. अट एकच, वर्षाला एक पुस्तक लिहायचं. सहामाही प्रगती अहवाल नाही, बोटांचे ठसे नाहीत, हजेरीपट नाही. याच सयाजीरावांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. माणसं ओळखण्याची एखाद्याला उपजत नजर असते. १९१० मध्ये हार्वर्डनं धर्मानंदांना ‘विसुद्धिमग्ग’ संपादायला बोलावलं, आणि यांच्याकडे दाखवायला पदवी नव्हती. चिरंजीव दामोदर हार्वर्डचेच पदवीधर, १९२९ चे. पुढे गणितात आणि इतिहासात त्यांनी एवढं काम केलं, पण पीएच.डी. त्यांनीही केली नाही. त्या घराण्यात माझ्या धंद्याला वाव नव्हता.

उलट कमला सोहोनी. तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ मध्ये मुंबईहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. बाईंनी ठाण मांडलं. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला: एक वर्ष चाचणीचं, आणि आजूबाजूच्यांचं लक्ष विचलित करायचं नाही. म्हणजे बाकीच्यांच्या लक्षाची जबाबदारीही यांच्याकडेच. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या द्रव्याबद्दलचा तो प्रबंध टाइप केलेल्या जेमतेम चाळीस पानांचा होता. चाळीस! आमच्याकडे चाळीस पानांत ‘संशोधन म्हणजे काय’ एवढंच होतं. आणि इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या, तिथे माणसांच्या कवट्या मोजून वंशाचा आणि कवटीच्या वेडेवाकडेपणाचा संबंध नाही असं सांगून आल्या, तेही गाइडचं मत नेमकं उलटं असताना. गाइडच्या मताविरुद्ध निष्कर्ष काढून पदवी मिळवलेली बाई म्हणून आमच्या दुकानाच्या मालकानं त्यांचा फोटो लावायला हवा.

पण भावजींपुढे ही नावं घेऊन उपयोग नसतो. ‘ती माणसं वेगळी,’ असं म्हणून ते सगळ्यांना एका वाक्यात निकालात काढतात. ती माणसं मोठी आहेत हे त्यांना मान्यच. आपल्या घरात तसलं कुणी जन्मलं असेल, हा संशय त्यांना येत नाही, एवढंच. मी भाचीला म्हटलं, तू त्यांना फेलोशिपचे आकडे सांगू नकोस. आकड्यात ते तुला कधीच जिंकू देणार नाहीत, आयुष्यभर पतपेढीत काढलंय त्यांनी. तू त्यांना दगडफूल सांग.

तिनं सांगितलं. भावजींनी ऐकून घेतलं आणि ‘हं’ म्हणाले. त्यांच्या ‘हं’चा अर्थ ताईलाही तीस वर्षांत लागलेला नाही.

पुढच्या आठवड्यात ते किराणा आणायला गेले. साबण, गूळ, शेंगदाणे झाल्यावर त्यांनी दुकानदाराला विचारलं, ‘ते दगडफूल कुठून येतं हो तुमच्याकडे?’ तो म्हणाला, मार्केट यार्डातून. यार्डात कुठून? ‘वरून येतं.’ वरून म्हणजे? दुकानदारानं तराजूवरचा हात न काढता मान उत्तरेला वळवली. पन्नास ग्रॅमचा भाव मात्र त्याला तोंडपाठ होता. भावजी घरी आले ते चिडूनच. ‘इतकी वर्षं माल विकतोय आणि तो येतो कुठून, परत उगवतो का, हे त्याला ठाऊक नाही! विचारलं तर हसतो. अरे, उद्या यायचाच बंद झाला तर?’ पिशवी ओट्यावर ठेवली, गुळाची ढेप तपासली, पुन्हा बाहेर आले. ‘कुणी मोजलंच नाही म्हणजे काय? मोजायला नको?’

ताई म्हणाली, ‘तेच तर ती म्हणतेय.’

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी भाचीला अर्जाची शेवटची तारीख विचारली. मग फी किती, हे विचारलं. फॉर्मचे वेगळे आणि प्रवेश परीक्षेचे वेगळे पैसे का घेतात, यावर दहा मिनिटं बोलले. आणि झोपायला जाता जाता दारातून मला म्हणाले, ‘ते पर्यावरणाचं पान काढून टाका हो तिच्या अर्जातलं. मसाल्याचं लिहू दे. आणि भाव टाका त्यात, पन्नास ग्रॅमचा.’

भाव टाकला आहे. आता रफार तेवढे बघायचे राहिलेत.